हेल दुरुस्त करणं मी का सोडलं

सीमाभागातल्या मराठी मुलांची बोली शाळेनं घासूनपुसून साफ केली पाहिजे, तिच्यातलं कानडी वळण काढून टाकलं पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवताना बरीच वर्षं मी त्याच मतानं वागले. आज मला ते पटत नाही. ते मत का होतं आणि का बदललं, हे मांडावंसं वाटतं. आमच्या भागातले कितीतरी शिक्षक, पालक आणि चळवळीतले कार्यकर्ते अजून तिथंच उभे आहेत. त्यांची कारणं मला आतून ठाऊक आहेत आणि ती कारणं हलकी नाहीत.

1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथून जोर आला. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, ज्या गावात ती मागणी दुमदुमली तेच गाव म्हैसूर राज्यात गेलं. जुन्या मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा तिकडं देताना त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. खानापूर आणि चंदगड यांच्यात सोयरिकी होत्या, जत्रा एकमेकांच्या होत्या, बोलणं जवळपास एक होतं. तरी चंदगडचा माणूस महाराष्ट्रात राहिला आणि आम्ही म्हैसुरात, म्हणजे पुढं 1973 नंतर कर्नाटकात. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1967 साली आला. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं, बेळगाव आहे तिथंच राहावं, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतली बरीच गावं पलीकडं जावीत, अशा त्याच्या शिफारसी होत्या. महाराष्ट्रानं त्या मानल्या नाहीत. 2004 पासून हा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाच्या लेखी बोलणं हा पुरावा होऊन बसतो. गावात मराठी किती आणि कानडी किती, याची मोजदाद ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. जनगणनेच्या कागदावर मातृभाषेचा रकाना एकच असतो. त्या रकान्यात अर्धं-अर्धं लिहायची सोय नाही. मग आमच्या तोंडात कानडी धाटणी आहे असं कुणी म्हटलं, की तो आमच्या दाव्यावरचा घाव वाटायचा. 'तुमची कसली मराठी, निम्मी तर कानडी आहे' हे वाक्य मी दोन्ही बाजूंकडून ऐकलेलं आहे. इकडची माणसं ते आमचा दावा मोडून काढायला म्हणायची आणि पुण्या-मुंबईकडची मंडळी सहज, हसत म्हणायची. दुसऱ्यांचं मला जास्त लागायचं.

म्हणून मी ठरवलं होतं, की माझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे वाक्य कुणी ऐकवता कामा नये.

आमच्या बोलण्यात असं काय आहे, ते बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. बेळगावकडचा माणूस 'मी करतोय' म्हणत नाही, 'करूलालोय' म्हणतो. 'पण' च्या जागी आमच्याकडं 'खरं' येतं: 'येतो म्हणाला, खरं आला नाही.' वाक्याच्या शेवटी 'की' लागतो, 'बस की', 'होय की', आणि त्यात आग्रह असतो, माया असते, कधी कधी चीडही असते. आणि बाहेरच्यांच्या कानाला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की आमच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असं म्हणतात. कोल्हापूरपर्यंत हे ऐकू येतं. माझी आई असंच बोलायची, घरात मीही असंच बोलते. शाळेच्या पायरीवर पाय ठेवला, की मी 'आले' व्हायची. तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडं गेलं की याच बोलीला कोकणीचा वास येऊ लागतो. आणि या सगळ्यावर एक हेल असतो. शब्द एक वेळ बदलता येतात, हेल बदलत नाही. हेलावरूनच आम्ही ओळखू येतो.

वर्गात मी हे सगळं वेचून काढत असे. चूक दाखवताना आवाज चढवत नसे, कुणाला शिक्षा करत नसे. मूल बोलायला लागलं, की मध्येच थांबवून बरोबर रूप सांगायचं आणि पुन्हा म्हणायला लावायचं, एवढंच. मला ते प्रेमाचंच काम वाटत होतं.

माझ्या मताला पहिली चीर पाचवीतल्या एका मुलीमुळं गेली. भात पोटरीला आलं, की आमच्याकडं रात्रीची राखण करावी लागते. जंगल लागून आहे, गवे शिरतात. एका सकाळी ती वर्गात आली ती बोलतच. 'बाई, मी आज्जीसंगट माळ्यावर झोपलो होतो. गवा आला की ओ! आज्जी डबा वाजवूलाली, खरं त्यो हलायलाच तयार नाही.' सगळा वर्ग तिच्याकडं वळला होता. मी सवयीनं म्हटलं, 'झोपलो नव्हे, झोपले होते.' ती म्हणाली, 'झोपले होते.' मग थोडं थांबून तिनं उरलेली हकिगत पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी सांगितली. एक गवा आला. आजीने डबा वाजवला. गवा निघून गेला. व्याकरणात एकही खोट नव्हती. पण माळा, अंधार, डब्याचा आवाज, आज्जीची धडपड, सगळं त्या वाक्यांतून गळून गेलं होतं. हातातली गोष्ट तिनं खाली ठेवली आणि मला हवी होती ती मराठी उचलली.

तेव्हा मी एवढंच ठरवलं, की मूल गोष्ट सांगत असताना मध्ये बोलायचं नाही, नंतर सांगायचं. मत काही बदललं नव्हतं. पण त्यानंतर माझं लक्ष मुलांच्या गप्प बसण्याकडं जाऊ लागलं. पटांगणात तोंड न थांबणारी मुलं वर्गात हो-नाहीपुरती बोलायची. निबंध चांगले लिहिणारी मुलं तोंडी परीक्षेला घाम पुसायची. ही मुलं बुजरी आहेत अशी माझी समजूत होती. ती बुजरी नव्हती. कुठल्या शब्दावर अडवलं जाईल याचा अंदाज घेत ती बोलत होती.

दुसरी चीर पुण्याला शिकायला गेलेल्या एका मुलानं पाडली. गणपतीला गावी आला तेव्हा भेटायला आला. मी विचारलं, 'तिकडं सोपं जात असेल ना, सगळं मराठीच आहे.' तो म्हणाला, 'तिथं मी हिंदीतच बोलतो, बाई. मराठी बोललो की कुठला रे तू, म्हणतात. हिंदी बोललं की कोण विचारत नाही.' त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यानं सोयीचा मार्ग काढला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. या मुलाच्या आजोबांच्या पिढीनं मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या. दर वर्षी 17 जानेवारीला आम्ही हुतात्म्यांना वंदन करतो, 1956 सालच्या गोळीबारात गेलेल्यांना. आणि त्याच मातीतला मुलगा महाराष्ट्रात जाऊन मराठी तोंडात येऊ देत नाही. तिथल्या पोरांचं हसणं हे त्याचं एक कारण. पण हसणाऱ्यांपुढं आपली बोली खाली घालायची असते, ही शिकवण तो इथूनच घेऊन गेला होता. 'तुझं बोलणं सदोष आहे' हे त्याला पुण्यात पहिल्यांदा ऐकावं लागलं नाही. शुद्धतेच्या आग्रहानं भाषा टिकेल असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्या आग्रहानं मूल आधी गप्प होतं आणि मग जिथं कुणी तपासत नाही अशा भाषेत निघून जातं. आमच्याकडं इंग्रजी माध्यमाकडं जी रांग लागली आहे, तिच्यामागं नोकरीचा हिशोब आहेच, पण ही लाजही आहे.

तरी एक प्रश्न उरत होताच. आमचं कानडी वळण हे आमचं मराठीपण पातळ झाल्याचं लक्षण तर नव्हे? या प्रश्नाचं उत्तर मला सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडनं दिलं. मिरजेजवळच्या या गावाचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी केलेला अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाविज्ञानात तो गाजला. गावात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. अभ्यासकांना आढळलं ते असं: या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती, की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं तर क्रम तोच ठेवून नुसते शब्द बदलले तरी पुरे. पण शब्द मात्र प्रत्येक समाजानं आपापलेच राखले होते. बाहेर सगळ्यांशी सगळ्या भाषा चालायच्या, घरात आपली. वाक्याची घडण सामाईक झाली म्हणून कुणाची ओळख पुसली गेली नव्हती.

हे वाचल्यावर मी आमचंच बोलणं नव्यानं ऐकू लागले. उत्तर कर्नाटकातला माणूस 'करतोय' या अर्थी 'माडाक हत्तेनि' म्हणतो. 'हत्तु' म्हणजे लागणे. आमचं 'करूलालोय' हेही 'करू लागलोय' याच घडणीचं. कानडीत 'नानु बंदे' हे बाईही म्हणते आणि बाप्याही, कारण 'मी' बोलतो तेव्हा कानडी क्रियापद बाई-पुरुष भेद करत नाही. आमच्या बायकांचं 'मी आलो' त्याच हवेत वाढलेलं आहे. आणि ही देवघेव एकतर्फी नाही. धारवाडकडच्या कानडीत आपलं 'खरे', आपलं 'जरा' मुक्कामाला आहेत.

बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेऊन बसलेल्या बायकांजवळ मी मुद्दाम थांबून ऐकलं. आसपासच्या मराठी खेड्यांतून आलेली मावशी एका गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करते, लगेच दुसऱ्याशी कानडीत, मध्ये शेजारणीला काहीतरी सांगते. शब्द बदलतात, पण वाक्य चढतं कुठं आणि उतरतं कुठं, ते बदलत नाही. डोळे मिटून ऐकलं तर भाषा बदलल्याचं क्षणभर कळतही नाही. त्या मावशीला तुम्ही कोण असं विचारा, ती एका दमात मराठा म्हणून, मराठी म्हणून, गावाचं नाव घेऊन सांगेल. आपण कोण याबद्दल तिच्या मनात गोंधळ नाही. गोंधळ आमच्यासारख्या शिकलेल्यांच्या मनात होता.

मग मला जुन्या, ठाऊक असलेल्या गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी आहे, कानडी आणि तमिळ लेखांच्या सोबतीनं. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं तेव्हा त्यांना त्यात उणेपणा वाटला नाही. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, ते कित्येक वर्षं सोलापुरात शिकवत होते, आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवितेसाठी मिळाला. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, भीमसेन जोशी गदगचे. त्यांच्या गळ्यातून आलेले अभंग ऐकताना महाराष्ट्रानं कधी त्यांच्या जन्मगावाचा रकाना तपासला नाही.

पुलंच्या 'गणगोत' मधले रावसाहेब तर आमच्या बेळगावचेच. कानडी हेलाचं मराठी बोलणारा तो दिलदार रसिक सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मला एके काळी ते व्यक्तिचित्र नकोसं वाटायचं. कुणीही बेळगावचं नाव काढलं, की रावसाहेबांची नक्कल सुरू होते आणि आपण हास्याचा विषय होतो, असं वाटायचं. पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं, की लेखक हसवतो आहे पण हसत नाही. रावसाहेबांच्या तोंडी प्रमाण मराठी घातली असती तर तो माणूसच उरला नसता. काही काळ बेळगावात प्राध्यापकी केलेल्या पुलंनी हे ओळखलं. मी इथं जन्मून ते ओळखायला उशीर लावला.

आमच्यासारखंच पलीकडच्यांचंही होतं, हेही दिसलं. बेळगाव-धारवाडच्या कानडीला बेंगळूरकडं राकट म्हणतात. अक्कलकोट-जतकडं महाराष्ट्रात राहणारे कानडी लोक मराठी शब्द मिसळून बोलतात, म्हणून त्यांच्या भाषेतले लोक त्यांच्याकडं असंच तिरकं बघतात. राजधान्यांना आपल्या कडेची माणसं नेहमी थोडी भेसळीची वाटतात. खरं तर भाषा कडेलाच दुसऱ्या भाषेला भेटते, तिथंच तिला नवं काही सापडतं.

माझं मत बदललं म्हणजे काय काय बदललं आणि काय नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सीमाप्रश्नावरची माझी भूमिका बदललेली नाही. आम्हाला मराठीतून शिकता आलं पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण जिथं 15 टक्के किंवा जास्त आहे तिथं सरकारी परिपत्रकं, नोटिसा त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे देशानं मान्य केलेलं तत्त्व आहे. ते आमच्याकडं पाळलं जावं ही मागणी मी सोडणार नाही. लिहिताना प्रमाण मराठी यायलाच हवी, याबद्दलही मी ठाम आहे. आमच्या मुलानं नागपूरच्या, रत्नागिरीच्या, बडोद्याच्या वाचकाला पत्र लिहावं, स्पर्धा परीक्षा द्यावी, वर्तमानपत्रात लेख लिहावा. त्यासाठी सगळ्यांची मिळून असलेली एक लेखनभाषा लागते. ती शिकवणं हे माझं काम आहे आणि ते मी जीव तोडून करते.

चळवळीतले जुने कार्यकर्ते मला विचारतात, 'बाई, आपल्या बोलीत कानडी वळण आहे हे आपणच म्हणू लागलो तर त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं नाही का?' हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला आहे. माझं उत्तर असं: महाराष्ट्रानं मांडलेली तत्त्वं आपल्याला तोंडपाठ आहेत. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यात बोली किती शुद्ध असावी हे कुठंच नाही. माणूस घरात कुठली भाषा आपली मानतो आणि त्याला कुठं राहायचं आहे, एवढंच विचारलेलं आहे. शुद्धतेची अट आपणच आपल्या माणसांवर लादली. त्या अटीवर तपासलं तर आपल्या आया-आज्ज्याच नापास होतात, आणि मराठी या मुलखात टिकली ती त्यांच्यामुळं. ज्यांनी सत्तर वर्षं परक्या कागदपत्रांच्या गराड्यात घरातली मराठी सोडली नाही, त्यांच्या हेलाला आपण डाग कसं म्हणणार?

आता वर्गात मी दोन्ही रूपं फळ्यावर लिहिते. 'गावात आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितो.' दोन्हीपैकी एकाला चूक म्हणत नाही. 'मी आलो' हे आपल्या बायकांचं रूप आहे, 'मी आले' हे लेखनातलं, हे पाचवीच्या मुलीला सहज कळतं. कुठं कुठलं वापरायचं तेही तिला आपोआप उमगतं, कारण दोन भाषांमध्ये ये-जा करायची सवय तिला घरातूनच असते. आज्जीच्या तोंडच्या गोष्टी मुलं आहेत तशा लिहून आणतात. मग त्याच गोष्टी ती प्रमाण मराठीत लिहितात. पहिलं लिखाण नेहमी लांब असतं आणि त्यामुळं दुसरंही लांबतं. तोंडी परीक्षेत बोलीसाठी मी गुण कापत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आमच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. खेड्यातली माणसं स्वतः वर्गणी काढून, मांडव घालून ती भरवतात. व्यासपीठावर पुण्यामुंबईची मराठी असते आणि मांडवात आमची. समोर बसलेल्या हजारो माणसांची बोली व्यासपीठावर क्वचितच चढते, चढली तर विनोदी कथेपुरती. मला वाटतं, आता तिथं आमच्या बोलीत गंभीर लिहिलेलं वाचलं जायला हवं: शेतीबद्दल, मरणाबद्दल, आमच्या या लढ्याबद्दल. आणि उरलेल्या महाराष्ट्राकडं माझं मागणं एवढंच, की सीमाभागासाठी ठराव करताना आमच्या मुलांचं बोलणंही ऐकून घ्या. आमचं मूल तुमच्या कॉलेजात, तुमच्या ऑफिसात 'करूलालोय' म्हणालं तर त्याची नक्कल करू नका. त्याला मराठीत उत्तर द्या. त्याच्या गावावर तुम्ही हक्क सांगता, तर त्याच्या बोलण्यालाही आपलं म्हणा.